बापांचा प्रॉम्प्टर

इस्तारी आबाजींना मोठ्याने बोलताना मी कधी ऐकलं नाही. पान लावताना नाही, भांडताना तर नाहीच. सानगडीच्या बसस्टँडवर एसटीचा हॉर्न, भाजीवाल्यांची ओरड आणि मोबाईलच्या दुकानातलं गाणं एकाच वेळी चालू असायचं. त्या सगळ्या गोंगाटातून आबाजींची कुजबूज नेमकी तुमच्या कानात यायची, शेजारच्याच्या नाही. पहिल्यांदा कुणी अशी कुजबूज ऐकली की दचकून मागे बघायचं. आबाजी समोरच असायचे, पानाला कात फासत.

ही कला त्यांनी तीसेक वर्षं नाटकाच्या विंगेत बसून कमावली होती. पूर्व विदर्भातल्या आमच्या झाडीपट्टीत दिवाळी झाली की नाटकांचा हंगाम सुरू होतो. नट आज या गावात, उद्या त्या गावात. तालमीला वेळ कुणाला? मग विंगेत एक माणूस पुस्तक घेऊन बसतो आणि राजापासून चोरापर्यंत सगळ्यांचे संवाद कुजबुजतो. तो प्रॉम्प्टर. नट बोलतो, प्रेक्षक टाळ्या वाजवतात, आणि प्रॉम्प्टर कुणाला दिसतही नाही. डोळ्यांनी साथ सोडल्यावर आबाजींनी पुस्तक ठेवून दिलं आणि पानठेला टाकला. पान, सुपारी, तंबाखूचा खर्रा आणि मोबाईलचं रिचार्ज.

मी तिथे आले ती पत्रकं घेऊन. आमच्या संस्थेचं काम सरळ होतं. कुणी खासगी फोटो किंवा व्हिडिओच्या जोरावर पोराला किंवा पोरीला धमकावत असेल, तर त्यांना मदत मिळवून द्यायची. पत्रकावर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं: चूक धमकावणाऱ्याची आहे. पैसे देऊ नका. पुरावा पुसू नका. विश्वासाच्या माणसाला सांगा. तक्रार करा. मी ते गावोगाव वाटायचे, लोक त्याची घडी करून कान कोरायचे. माझं नाव कुणाला ठाऊक नव्हतं. मी 'परचावाली बाई' होते.

आबाजींकडे मी गठ्ठा ठेवला आणि आठवड्याने बघते तर काय, म्हातारा माझ्या पत्रकांत पानं बांधून देत होता!

"आबाजी, हे काय? लोकांच्या जिवाचा प्रश्न आहे हा!"

"मंग?" त्यांनी कुजबुजत विचारलं. "तू हातात देतं त लोक फेकतेत. मी पान देतो त घरापर्यंत नेतेत. तुले परचा घरी पाहिजे का रस्त्यावर?"

"शाई पोटात जाते!"

"तंबाकू खाणाऱ्याले शाईचं भेव दाखवून राहिली," ते शेजारच्या न्हाव्याला म्हणाले. न्हावी हसला. मी चिडून निघून गेले. चिडणं हा माझ्या कामाचा भाग आहे, मी तो मनापासून करते.

आबाजींना फोनमधलं फारसं काही कळायचं नाही. स्क्रीनशॉट म्हणजे काय हे मी त्यांना कितीदा तरी समजावलं आणि तरी ते 'फोटूचा फोटू' असंच म्हणत राहिले. ब्लॉक करणं आणि फोन बंद करणं त्यांच्या लेखी एकच. पण एक गोष्ट त्यांना कळायची, आणि ती मला निखिलच्या वेळी दिसली.

निखिल बी.ए.च्या पहिल्या वर्षाला होता. फेसबुकवर एका अनोळखी मुलीची रिक्वेस्ट, मग व्हिडिओ कॉल, आणि दुसऱ्याच मिनिटाला धमकी: तुझं सगळं रेकॉर्ड केलंय, पैसे टाक, नाहीतर तुझ्या सगळ्या मित्रयादीला पाठवतो. पोरगा तलावाच्या पाळीवर एकटाच बसून होता. न्हाव्याने बघितलं आणि गोड बोलून ठेल्यावर आणलं. मी तिथेच होते. निखिलने फोन पालथा घालून दोन्ही हातांनी गुडघ्यावर दाबून धरला होता.

"काय म्हणून राहिला तो? वाच," आबाजी कुजबुजले.

निखिलने वाचलं. आबाजींनी डोळे मिटले. "आता तो म्हणन, तुह्या मायले पाठवतो."

फोन वाजला. निखिलने बघितलं आणि त्याचा चेहरा उतरला. "आईचंच नाव लिहिलं त्याने."

"आता म्हणन, दहा मिनटं देतो."

पुन्हा फोन वाजला. खरंच वेळ दिली होती, फक्त दहाऐवजी पाच मिनिटं.

"तुम्हाला कसं कळलं?" मीच विचारलं.

"अवो बाई, तो वाचून राहिला. त्याच्यासमोर पुस्तक हाय. असाच पाठ तो दिवसभर सत्रा पोट्ट्याईले म्हणते." मग त्यांनी निखिलकडे तोंड वळवलं. "तुले वाटते, तो तुह्याशी बोलून राहिला? त्याले तुहं नावबी धड ठाऊक नसन. अन् संवाद पाह्य ना कसे फालतू! एक वाक्य दमदार नाही. अशा नाटकाले आमच्या इकडे पब्लिक तिसऱ्या प्रवेशाले उठून जाते."

"मग मी काय करू?"

"उठून जा."

निखिल हसला नाही, पण त्याने फोन माझ्या हातात दिला. मग माझं काम सुरू झालं. संभाषण जपून ठेवलं, खात्याचा पत्ता उतरवला, पैसा एकही दिला नाही, ब्लॉक केलं आणि सायबर तक्रार नोंदवली. थोड्या वेळाने एका 'पोलीस साहेबाचा' फोन आला, गुन्हा दाखल झालाय म्हणून. आबाजी कुजबुजले, "हा दुसऱ्या अंकातला इन्स्पेक्टर. ह्याच्या मिशा नकली असतेत." तो नंबरही आम्ही तक्रारीत जोडला.

उरला निखिलचा बाप. निखिल म्हणाला, मला बोलता येणार नाही. आबाजी म्हणाले, मी मागून सांगतो, तू बोल. आणि हा सत्तरीचा माणूस खरोखर त्या घरी जाऊन धान साठवायच्या बांबूच्या उंच ढोलीमागे लपून बसला! मी ओसरीवर होते, सगळं मला दिसत होतं.

"बाबा, मले तुमाले एक सांगाचं हाय," ढोली कुजबुजली.

"बाबा, मले तुमाले एक सांगाचं हाय," निखिल म्हणाला.

सगळं नीट चाललं होतं. इतक्यात घरची शेळी ढोलीमागे गेली आणि आबाजींचं धोतर चावू लागली.

"सोड! सोड ना बे! मारू का आता?" ढोली म्हणाली.

आणि निखिल, डोळे जमिनीला लावून, बापाला म्हणाला, "सोड! सोड ना बे! मारू का आता?"

बाप उभाच राहिला. मग धोतराचं एक टोक आणि शेळीचं शेपूट एकदमच ढोलीमागून बाहेर आलं. तो माणूस इतका हसला की खाली बसला. हसता हसताच त्याने पोराला जवळ ओढून विचारलं, "झालं काय, ते त सांग." मग निखिलने आपल्याच शब्दांत सांगितलं.

त्या दिवसापासून पोरं ठेल्यावर येऊ लागली. रिचार्जच्या नावाने यायची आणि घुटमळत राहायची. आबाजी विचारायचे, "पाठ चुकला का गा?" बस, तेवढंच. मग मला फोन यायचा.

पण मला त्यांच्या तालमीतलं एक वाक्य खटकायचं. पोरगा आला तर त्याला ते नुसतं सांगायला लावायचे. पोरगी आली की तिच्या तोंडी घालायचे, "बाबा, माही चूक झाली." का? कशाची चूक? विश्वासाने दिलेला फोटो कुणी हत्यार बनवला, तर चूक हत्यार उचलणाऱ्याची. हे मी त्यांना सांगितलं, पत्रकावरचं वाक्य बोट ठेवून वाचून दाखवलं, गावभर ऐकू जाईल अशा आवाजात.

"बाई, तुहं बराबर हाय. पण त्या वाक्याबिगर बाप पाझरत नाही. मी नाटकात पाहेलं हाय."

"नाटक बदला मग!"

"लेखकाले सांग," म्हणाले आणि पानाला चुना लावू लागले.

नाटक शेवटी रोशनीने बदललं.

रोशनी भंडाऱ्याला नर्सिंगला होती, एकोणीस वर्षांची. तिच्या बापाच्या, हिरामणभाऊंच्या खिशातल्या पानाच्या पुडीचा कागद तिला धुण्यात सापडला. होय, माझंच पत्रक. मंडईच्या आदल्या दिवशी ती ठेल्यावर आली. कॉलेजातला एक मुलगा, वर्षभर बरोबर होता. तिने संबंध तोडला तसा तिचा एक खासगी फोटो धरून बसला. 'कॉलेज सोड, माझ्याकडे परत ये. नाहीतर मंडईच्या दिवशी, घर पाहुण्यांनी भरलं की, दिवेलागणीला तुझ्या बापाच्या फोनवर पाठवतो.'

दिवाळीनंतरची मंडई म्हणजे आमच्याकडे गावाची जत्रा. लेकी-जावई, मामे-आते, सगळे एका घरी येतात. त्याने दिवस बरोबर निवडला होता. हा पुस्तकातून वाचणारा माणूस नव्हता, हा घर ओळखणारा होता. आबाजींना पुढचा संवाद सांगता आला नाही.

मी म्हटलं, आत्ता चौकीत जाऊ. तू सज्ञान आहेस, तक्रार तू देऊ शकतेस.

"जाईन," रोशनी म्हणाली. "पण बाबाले पोलिसाच्या तोंडून नाही कळलं पाहिजे. त्याच्या तोंडून त नाहीच. बाबानं माहा फोन ठेवून घेतला अन् कॉलेज बंद केलं, त तो न पाठवताच जिंकला."

एवढं स्पष्ट मला पत्रकात कधी लिहिता आलं नव्हतं.

आबाजी खुर्चीवरून उठले, खांद्यावरचं उपरणं नीट केलं. "मी हिरामण होतो. तू बोल. पहिले पाय धर, मंग म्हण, बाबा, माही चूक—"

"नाही म्हणत," रोशनी म्हणाली.

"पोरी—"

"माही चूक नाही झाली, आबाजी. अन् मले बोलता येते. तुमी मले कायले शिकवून राहिले? मी दिवसभर वॉर्डात पेशंटच्या घरच्याईले वाईट बातम्या सांगतो. गडबड आयकणाऱ्याची होते. त्याले काय बोलाव हे कळत नाही, म्हणून तो चप्पल उचलते. पाठ द्याचा असन त बाबाले द्या."

आबाजी परत खुर्चीवर बसले आणि एकच पान पुन्हा पुन्हा पुसू लागले. न्हाव्याने वस्तरा थांबवला. गिऱ्हाईक अर्ध्या दाढीने आमच्याकडे बघत राहिलं.

"एकट्या हिरामणले देलं त त्याले लगेच समजन," ते शेवटी कुजबुजले. "सगळ्या बापाईले द्या लागन."

दुसऱ्या दिवशी मंडई. दुपारी बाजारचौकात दंडार, म्हणजे आमच्याकडचं नाचगाण्याचं लोकनाट्य, लागली होती, ढोल वाजत होते, पोरं पिपाण्या फुंकत होती. मुख्य सोंगाड्याची गाडी कुठेतरी अडकली होती आणि पब्लिक शिट्या मारत होतं. तेव्हा इस्तारी आबाजी पायऱ्या चढून स्टेजवर गेले. मोजून मधोमध, माईकसमोर. जन्मभर विंगेत बसलेला माणूस. खालून कुणीतरी ओरडलं, "अबे, प्रॉम्प्टर बाहेर निंगाला!" हशा झाला.

रोशनी तिच्या आत्यांमध्ये बसली होती. हिरामणभाऊ पुरुषांच्या बाजूला, तोंडात पान, मांडी घालून.

आबाजी माईकमध्ये कुजबुजले. कर्ण्यातून ती कुजबूज पार तलावापर्यंत गेली. "भाऊ हो. आज तुमाले पार्ट हाय. सगळ्या बापाईले. लहानसा हाय, एकच वाक्य. मी म्हणतो, तसं म्हणा."

"मी म्हणतो, तसं म्हणा!" चौक म्हणाला.

"अबे, थांबा."

"अबे, थांबा!"

बाया पदर तोंडाला लावून हसत होत्या. इथल्या माणसांना जन्मापासून सवय, इस्तारीच्या तोंडून आलं ते म्हणून टाकायचं. त्यांना थांबवायला आबाजींना दोन्ही हात वर करावे लागले.

"आयका. तुमची पोट्टी येते, पोट्टा येते. म्हणते, बाबा, कोणीतरी माहा फोटो धरून मले भेव दाखवून राहिला. तुमच्या तोंडी पहिले काय येते?"

"चप्पल!" मागून एक जण ओरडला.

"चपलीचा पार्ट कापला," आबाजी म्हणाले. "तो पोट्टा धमकी कायच्या भरवशावर देते? तुमच्या भरवशावर! त्याले ठाऊक हाय, बाप बोंबलन, फोन हिसकन, शाळा बंद करन. त्याचं अर्धं काम तुमी फुकट करता. ह्या वर्षी नाही कराचं. म्हणा: बरं केलं, मले सांगतलं."

या वेळी चौक गप्प राहिला. दोन-चार माणसांनी शेजाऱ्याकडे बघितलं. मला वाटलं, फसलं. मग निखिलचा बाप उभा राहिला आणि खणखणीत म्हणाला, "बरं केलं, मले सांगतलं!" त्याच्यामागून दहा-बारा. मग सगळा चौक.

"आवाज नाही आला."

"आवाज नाही आला!"

"अन् आमाले पार्ट नाही का रे, इस्तारी?" बायांतून एक म्हातारी कडाडली.

"तुमालेबी तोच हाय, वैनी. फक्त म्हणताना पाठीत धपाटा नाही घालाचा."

चार-पाच वेळा त्यांनी ते वाक्य घोकून घेतलं. हिरामणभाऊंचे ओठ हलताना मी बघितले. मोठ्याने म्हणाले की नाही, ते सांगता येणार नाही. मग सोंगाड्याची गाडी आली, ढोल वाजले, आणि आबाजी खाली उतरून मला म्हणाले, "स्टेजवर लगित गरम होते वो. नट लोक कसे राहातेत?" आणि उपरण्याने मान पुसली.

रोशनी उठून गेलेली मला दिसली. थोड्या वेळाने तिच्या आईने येऊन हिरामणभाऊंना हाक मारली. तेही गेले.

आम्ही ठेल्यावर येऊन बसलो. मी तक्रारीचे कागद पिशवीत नीट लावत होते. ऊन उतरू लागलं होतं. आबाजींनी गिऱ्हाईकाला सांगितलं, पान नाही, आणि पानांच्या ढिगासमोर बसून राहिले. मला नेहमीप्रमाणे चिडताही येईना.

हिरामणभाऊ पळत आले. पाहुण्यांसाठी घातलेला नवा सदरा घामाने ओला. ठेल्याची फळी दोन्ही हातांनी धरली.

"इस्तारी. म्हटलं मी ते."

"काय?"

"ते. बरं केलं, मले सांगतलं. म्हटलं. आता पुढं काय म्हणू? तू एकच शिकवलं ना बे! पोरगी समोर बसली हाय, माह्याकडे पाहून राहिली. मी म्हटलं, पाणी पिऊन येतो. लवकर सांग!"

इतक्या वर्षांत नटाला अडू न दिलेला तो माणूस. त्यांनी माझ्याकडे बघितलं. माझ्याकडे पत्रकात पाच मुद्दे होते आणि त्यांतला एकही बापाने बोलायचा नव्हता.

"पुढचं मले नाही येत, हिरामण," आबाजी म्हणाले. "तिलेच इचार. म्हण, आता काय करू, तू सांग."

"एवढंच?"

"एवढंच. जा."

ते पळत गेले आणि थोड्याच वेळात परत आले, मोटारसायकलवर, मागे रोशनी; चौकीत चला, असं तिने सांगितलं होतं. मी न्हाव्याच्या गाडीवर. दिवेलागणीच्या आत आम्ही चौकीत होतो. तिथल्या एका शिपायाने तो ठरलेला प्रश्न विचारलाच, की मुळात फोटो काढायचाच कशाला. मी पिशवीतून कायदा काढत होते, तेवढ्यात हिरामणभाऊ म्हणाले, "साहेब, धान चोरीले गेल्यावर तुमी पेरलं कायले असं इचारता का?" त्यांना हे कुणीही शिकवलं नव्हतं. शिपायाने कागद पुढे ओढला.

सगळं गोड झालं असं मी लिहिणार नाही, मी पत्रकातही खोटं लिहीत नाही. तो कॉलेजातला मुलगा पकडला गेला, त्याचा फोन जप्त झाला, पण त्याआधी फोटो दोघांकडे गेला होता. त्यांच्याकडून पुसून घ्यावा लागला. स्वतःचा फोटो कुणालाही न पाठवता त्याचा फक्त एक डिजिटल ठसा नोंदवायचा, म्हणजे काही मोठ्या साईट्स तो चढू देत नाहीत, अशी सोय आहे. ती आम्ही वापरली. रोशनीची एक आत्या अजून तिच्याशी बोलत नाही. आत्याला कुठलाच पार्ट पाठ होत नाही.

नंतर मला गोंदियाकडचं काम मिळालं. निघायच्या दिवशी सकाळी मी बसस्टँडवर होते. आबाजी ठेला उघडून बसले होते. भंडाऱ्याची गाडी लागली होती आणि रोशनी खिडकीत होती, मांडीवर बॅग. हिरामणभाऊ ठेल्यावर आले. खिशातून पोरीचा फोन काढून फळीवर ठेवला.

"हिच्यात रिचार्ज मार."

"महिन्याचं?"

"तीन महिन्यांचं मार. तिले तिकडे घडीघडी दुकान शोधत नाही बसा लागलं पाहिजे. अन् नेटवालं मार."

आबाजींनी रिचार्ज मारलं. फोन परत दिला. मग हिरामणभाऊंचं नेहमीचं पान घेतलं, चुना लावला, कात लावला, सुपारी टाकली, आणि कुठे बघत होते कोण जाणे, पुन्हा चुना लावला, चांगला बोटभर. घडी करून दिलं. हिरामणभाऊंनी ते तोंडात कोंबलं आणि फोन द्यायला गाडीच्या खिडकीकडे गेले. परत आले तेव्हा त्यांचं तोंड वाकडं झालं होतं, डोळ्यांत पाणी होतं.

"चुना जास्त झाला ना गा, इस्तारी."

"हाव," आबाजी म्हणाले.

गाडी निघाली. दोघेही तिच्याकडे बघत होते. हिरामणभाऊंनी पान थुंकलं नाही.